वाढणाऱ्याची बाजू

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईवडिलांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. हा दिवस दिल्लीतच, आणि तोही एखाद्या मोठ्या हॉटेलात भोजनाचा बेत करून साजरा करावयाचा, असे आम्हा भावंडांनी ठरविले. ठरविणे सोपे होते, पार पाडणे तितके सोपे नव्हते. भावंडांत मी एकटा दिल्लीत नोकरीस असल्यामुळे, आणि त्यातून सरकारी कारकून असल्यामुळे, यादी, पत्रव्यवहार व हिशेब ही कामे ओघानेच माझ्याकडे आली. हॉटेलातील ज्या गृहस्थांना मी भेटलो, त्यांनी माझ्यापुढे एक छापील तक्ता ठेवला. पाने किती? नेमकी वेळ कोणती? कोणाला काय वर्ज्य आहे? उत्सवमूर्ती कोठे बसणार? फुले कोणत्या रंगाची? विसार किती देणार? आमच्या कार्यालयातील कोणत्याही नमुना-अर्जाला लाजविणारा तो तक्ता मी मोठ्या मनोभावे भरला आणि घरी येऊन वडिलांना वाचून दाखविला.

अण्णांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ''बेत उत्तम आहे. पण वाढणार कोण?''

''हॉटेलातली माणसे वाढतील, अण्णा,'' मी म्हणालो.

''मग आपण काय करायचे?''

ह्या प्रश्नावर घरात बराच हशा पिकला. सातारा जिल्ह्यातील खेड्यात जन्म गेलेल्या माणसाचा हा भाबडेपणा आहे, असेच तेव्हा मलाही वाटले. परंतु पुढे काही दिवस तो प्रश्न मनातून जाईना. यजमानाने पंगतीत न बसता पदर किंवा धोतर खोचून वाढावे, सर्वांची जेवणे झाल्यावर स्वतः पानावर बसावे, ही आपली रीत. मोठ्या हॉटेलातील मेजवानीत यजमान सर्वांच्या आधी खुर्चीवर बसतो, आणि त्याचे मूळचे काम पगारी माणसे करतात. हा बदल केव्हा झाला, कोणी घडवून आणला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे पाहावे म्हणून मी काही पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मेजवानीचे नियोजन ही काही हॉटेलांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. १७८३ साली सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले, तेव्हा नाना फडणिसांनी कोणत्या कामावर कोणी असावे, पाहुण्यांची व्यवस्था कशी ठेवावी, पंक्ती कशा बसवाव्यात ह्याची तपशीलवार याद करविली होती. ज्यांना पेशवाईचा कारभार म्हणजे केवळ लढाया आणि तहनामे वाटतात, त्यांनी अशा यादी अवश्य पाहाव्यात. परंतु त्या मेजवानीचा यजमान घरचा होता. चूक झाली तर नाव घराचे जावयाचे, आणि ती सावरावयास नातलग, आश्रित, शेजारी असे शेकडो हात पुढे यावयाचे. भार मोठा खरा, पण तो वाटून घेतलेला असे.

हा भार एकाच माणसाच्या खांद्यावर पडला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण नानांच्या यादीच्याही शंभरावर वर्षे आधी फ्रान्समध्ये घडले. १६७१ च्या एप्रिल महिन्यात चौदावा लुई आपल्या लवाजम्यासह शाँतिई येथे प्रिन्स द काँदे ह्याच्या घरी उतरला. मेजवानीची सर्व व्यवस्था वातेल नावाच्या कारभाऱ्याकडे होती. अपेक्षेपेक्षा अधिक माणसे आल्यामुळे पहिल्या रात्री दोन-एक मेजांवर भाजलेले मांस पोचले नाही. रात्रीच्या शोभेच्या दारूकामावर ढग उतरले. वातेलला कित्येक रात्री झोप नव्हती. दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. सारी भिस्त मासळीवर होती. पहाटे एक माणूस थोडीशीच मासळी घेऊन आला. ''एवढीच?'' असे वातेलने विचारले, आणि ''एवढीच'' असे उत्तर आले. त्या माणसाला फक्त स्वतःच्या टोपल्यांची माहिती होती. वातेल आपल्या खोलीत गेला आणि त्याने तलवारीवर देह झोकून दिला. त्यानंतर थोड्याच वेळात ठिकठिकाणच्या बंदरांतून मासळीच्या गाड्या येऊन दाखल झाल्या. मादाम द सेविन्ये हिने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांमुळे ही हकिकत जगाला कळली. त्याच पत्रांत असेही आहे की, सर्वांना फार वाईट वाटले, आणि मेजवानी ठरल्याप्रमाणे पार पडली.

वातेल सरदाराच्या पदरी होता. पैसे टाकून कोणीही विकत घ्यावे असे भोजन त्या काळी खानावळीपुरतेच होते. तेथे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मेजावर, समोर येईल ते खावे लागे. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात पॅरिसमध्ये निराळ्या तऱ्हेची दुकाने निघाली. तेथे अशक्त माणसाला तरतरी आणणारा मांसाचा कढ मिळे. ह्या कढालाच 'रेस्तोराँ' म्हणजे शक्ती परत देणारा पदार्थ म्हणत, आणि पुढे दुकानालाच ते नाव पडले. तेथे गिऱ्हाइकाला स्वतंत्र मेज मिळे, आपल्या सोयीच्या वेळी येता येई आणि यादीतून हवा तो पदार्थ निवडता येई. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदारांची घरे बसली तेव्हा त्यांच्या पदरचे अनेक आचारी ह्या नव्या धंद्यात आले. राजवाड्यातील चव अशा रीतीने रस्त्यावर आली. अर्थात खिशात पैसे असणाऱ्यांपुरतीच.

पुढच्या शतकात वाढण्याची पद्धतही पालटली. जुन्या फ्रेंच रीतीप्रमाणे पाचपंचवीस पदार्थ एकदमच मेजावर मांडीत. मांडणी प्रमाणबद्ध आणि नेत्रसुखद असे. पण ज्याच्या हाताशी जे येईल ते त्याने खावे, आणि तोवर ते निवून जावे, असा प्रकार होता. एकोणिसाव्या शतकात तिच्या जागी रशियन म्हणून ओळखली जाणारी रीत आली. तीत एका मागून एक पदार्थ मुदपाकखान्यातून गरम गरम येतो आणि प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो. पुढे काय येणार हे मेजावर दिसेनासे झाले, म्हणून प्रत्येकापुढे छापील यादी ठेवणे भाग पडले. आपल्या ताटात ह्या दोन्ही रीतींचा मिलाफ आहे, हे वाचताना माझ्या ध्यानात आले. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, अशी मांडणी आधी होते; मग भात, पोळी, पुन्हा भात असे एकामागून एक वाढणे येत राहते. मात्र रशियन रीतीला वाढणारी माणसे पुष्कळ लागतात, आणि त्यांच्या हालचाली घड्याळाच्या काट्यासारख्या व्हाव्या लागतात. मेजवानी हा आता वेळापत्रकाचा विषय झाला.

हे वेळापत्रक ज्याने कलेच्या पदवीला नेले, तो सेझार रिट्झ २३ फेब्रुवारी १८५० रोजी स्वित्झर्लंडमधील निडरवाल्ड ह्या डोंगरी खेड्यात जन्मला. शेतकरी कुटुंबातील हे तेरावे अपत्य. कोवळ्या वयात ब्रिग येथील एका हॉटेलात तो उमेदवारीस लागला. ह्या धंद्यास लागणारी नजर तुझ्यापाशी नाही, असे सांगून तेथील मालकाने त्याला काढून टाकले. १८६७ च्या प्रदर्शनाच्या सुमारास तो पॅरिसला गेला. पडेल ते काम करीत वेटर झाला आणि हळूहळू श्रीमंतांच्या भोजनगृहांत शिरला. मेजाशी उभे राहून त्याने एक विद्या हस्तगत केली. कोणाला काय आवडते, कोणाला खिडकीजवळची जागा हवी, कोणाला बोललेले खपत नाही, हे तो कधी विसरत नसे.

रिगी-कुल्म ह्या पर्वतशिखरावरील हॉटेलात तो काम करीत असतानाचा एक प्रसंग त्याच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात आहे. ऐन थंडीत एके दिवशी हॉटेलातील उष्णतेची यंत्रणा बंद पडली, आणि चाळीस अमेरिकन पाहुणे जेवावयास येत असल्याचे कळले. रिट्झने मोठ्या दिवाणखान्यातील मेज हलवून लाल पडद्यांच्या लहान खोलीत मांडले. कारण लाल रंगाने ऊब वाटते. शोभेची झाडे ठेवण्याच्या तांब्याच्या मोठ्या पात्रांत स्पिरिट ओतून ते पेटविले. विटा भट्टीत तापवून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून प्रत्येकाच्या पायाखाली दिल्या. जेवणाची सुरुवात कढत, तिखट रस्स्याने केली आणि शेवट पेटत्या ज्वालेसह आणलेल्या धिरड्यांनी. पाहुणे तृप्त होऊन गेले. थंडी तितकीच होती. ती कोणाला जाणवली नाही, इतकेच. रिट्झच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे सूत्र मला ह्या प्रसंगात दिसते. अडचण दूर करता आली तर उत्तम. न आली तर ती पाहुण्याच्या दृष्टीआड करावी आणि स्वतः सोसावी.

१८८४ च्या सुमारास माँटे कार्लो येथे त्याची गाठ ओग्युस्त एस्कोफिये ह्या आचाऱ्याशी पडली. एस्कोफिये त्याच्याहून चार वर्षांनी वडील. तेराव्या वर्षी नीस येथे काकाच्या भोजनगृहात त्याने उमेदवारीस आरंभ केला होता. एक दर्शनी दालनाचा राजा, दुसरा आतल्या मुदपाकखान्याचा. अशी ती जोडी जमली. लंडनमध्ये रिचर्ड डॉयली कार्ट ह्या नाट्यव्यावसायिकाने संगीतिकांच्या उत्पन्नातून उभारलेले सॅव्हॉय हॉटेल ६ ऑगस्ट १८८९ रोजी उघडले होते. विजेचे दिवे आणि पाळणे असूनही त्याचे बस्तान बसेना. तेव्हा कार्टने रिट्झला पाचारण केले आणि १८९० मध्ये एस्कोफियेही तेथे आला.

एस्कोफियेने मुदपाकखान्यात जे केले, ते वाचताना माझ्यातल्या कारकुनाला विशेष आनंद झाला. पूर्वी प्रत्येक विभाग आपापला पदार्थ आरंभापासून अखेरपर्यंत करी. एस्कोफियेने कामाची नवी वाटणी केली: एक विभाग भाजण्याचा, एक रस्से व सारांचा, एक भाज्या व अंड्यांचा, एक थंड पदार्थांचा, एक गोडाचा. अंडी, मूत्रपिंड आणि कवकाचा रस ह्यांचा एक पदार्थ एका माणसाला करावयास पंधरा मिनिटे लागत. आता तिघे मिळून तो थोडक्या वेळात उरकू लागले. मेजावरून येणाऱ्या मागणीच्या चिठ्ठीच्या त्याने तीन प्रती केल्या. एक मुदपाकखान्याला, एक वेटरला आणि एक रोखपालाला. चौघे किंवा अधिक जण जेवावयास आले तर ठरलेल्या दरात आचाऱ्याने स्वतः रचलेली पदार्थयादी द्यावी, यजमानाचे नाव घालून तिची नक्कल जपून ठेवावी, म्हणजे तोच यजमान पुन्हा आला तर त्याला तीच मेजवानी दिली जाणार नाही, अशीही त्याने व्यवस्था केली. आमच्या अभिलेख-शाखेत ही तत्परता असती, तर कितीतरी फायलींचा शोध वाचला असता!

परंतु त्याची खरी सुधारणा आणखी निराळी होती. त्या काळचे मुदपाकखाने म्हणजे जमिनीखालची धगधगती भुयारे. तेथे उष्म्याने जीव कासावीस होई, दारू पाण्यासारखी प्याली जाई, शिव्या आणि मार ही रोजची बाब असे. एस्कोफियेने दारूऐवजी जवाचे थंड पेय ठेवविले आणि शिवीगाळ बंद केली. वेटरने आणलेली मागणी मोठ्याने ओरडून सांगणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये 'भुंकणारा' म्हणत. एस्कोफियेने त्याला 'पुकारणारा' असे नाव दिले. नाव बदलल्याने पगार वाढत नाही, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक असणार! तथापि ज्याला दिवसभर 'भुंकणारा' म्हणून हाक मारली जाते, त्याला ह्या बदलाचे मोल कळले असेल.

बाहेरच्या दालनातही क्रांती चालू होती. प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रियांनी चारचौघांत भोजनगृहात बसून जेवावे, ही गोष्ट लंडनमध्ये तोवर रूढ नव्हती. रिट्झने ती रूढ केली. संध्याकाळचा विशिष्ट पोशाख त्याने सक्तीचा केला. दिव्यांचा प्रकाश चेहऱ्यावर कठोर पडू नये म्हणून तो रंगीत आच्छादनांचे प्रयोग करी. ह्या प्रतिष्ठेला दुसरी बाजूही होती. पुरुषाच्या सोबतीवाचून आलेल्या स्त्रीला सॅव्हॉयच्या भोजनगृहात प्रवेश नसे. नेली मेल्बा ह्या गायिकेसाठी एस्कोफियेने बर्फात कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये व्हॅनिला-आइस्क्रीमवर पीच मांडून दिले. तिने 'लोहेनग्रिन' ह्या संगीतिकेत काम केले होते आणि त्या कथेत हंस येतो, म्हणून ही योजना. 'पीच मेल्बा' ह्या नावाने तो पदार्थ आजही जगभर चालतो. प्रसंगाला साजेसा बेत म्हणजे काय, ह्याचा तो वस्तुपाठ होय.

ह्या जोडीचे चरित्र निष्कलंक नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मार्च १८९८ मध्ये सॅव्हॉयच्या संचालकांनी दोघांनाही काढून टाकले. मद्याच्या साठ्यात मोठी तूट होती आणि पुरवठादारांकडून दस्तुरी घेतल्याचा आरोप होता. १९०० साली दोघांनीही कबुलीच्या कागदांवर सह्या केल्या. ते कागद पुढे ऐंशीहून अधिक वर्षे गुप्त राहिले. दस्तुरी ही त्या धंद्याची जुनी चाल होती, असे समर्थन करता येईल; पण जी माणसे चिठ्ठीच्या तीन प्रती ठेवतात, त्यांना हिशेबाचा अर्थ कळत नव्हता असे म्हणता येणार नाही.

त्या बडतर्फीने त्यांचे फारसे अडले नाही. १ जून १८९८ रोजी पॅरिसमध्ये रिट्झच्या नावाचे हॉटेल उघडले आणि १८९९ मध्ये लंडनला हेमार्केट आणि पॅल मॅल ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कार्लटन हॉटेल सुरू झाले. सॅव्हॉयचे बडे गिऱ्हाईक ह्या दोघांच्या मागोमाग कार्लटनला आले. त्यांत वेल्सचा युवराज प्रमुख होता. हाच युवराज १९०१ मध्ये सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला, आणि २६ जून १९०२ हा त्याच्या राज्याभिषेकाचा दिवस ठरला.

चौसष्ट वर्षांत इंग्लंडने राज्याभिषेक पाहिला नव्हता. देशोदेशींचे राजपुत्र, वकील, धनिक लंडनात लोटले. कार्लटनमध्ये राज्याभिषेकाच्या मेजवानीची तयारी कित्येक आठवडे चालली होती. मेजे कोणाची, कोण कोणाशेजारी बसणार, कोणते पदार्थ कोणत्या क्रमाने येणार, फुले, दिवे, वाद्ये, सारे काही रिट्झ स्वतः पाहत होता. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. लंडन, पॅरिस आणि इतरही ठिकाणची हॉटेले एकाच वेळी सांभाळीत तो कैक वर्षे आगगाडीतच झोपत आला होता.

२४ जून रोजी, म्हणजे समारंभाला दोन दिवस उरले असता, राजाच्या पोटात आंत्रपुच्छाशी गळू झाले असून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागत आहे आणि राज्याभिषेक बेमुदत पुढे ढकलला आहे, असे जाहीर झाले. फ्रेडरिक ट्रीव्ह्स ह्या शल्यवैद्याने त्याच दिवशी बकिंगहॅम राजवाड्यात शस्त्रक्रिया केली. कार्लटनमध्ये ही बातमी पोचली तेव्हा दुपारचे जेवण चालू होते. रिट्झने भरल्या दालनात ती स्वतः सांगितली. मग तारा येऊ लागल्या. खोल्या रद्द, मेजे रद्द. आलेला माल, लावलेली फुले, जादा नेमलेली माणसे ह्या सर्वांचा निर्णय त्याच दिवशी करावयाचा होता. रिट्झ शांतपणे हुकूम देत राहिला. त्याच दिवशी, सर्व सूचना देऊन झाल्यावर, तो कोसळला.

त्यानंतर त्याची प्रकृती अशी पूर्ववत कधी झालीच नाही. खिन्नतेचे झटके येत, स्मृती दगा देई. ज्या माणसाला हजारो पाहुण्यांच्या आवडीनिवडी तोंडपाठ होत्या, तो हळूहळू माणसे विसरू लागला. १९०६ मध्ये लंडनला त्याच्या नावाचे हॉटेल उघडले. पण त्याच्या कर्तृत्वाचा काळ संपला होता. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचा अंत झाला. वातेलप्रमाणे त्याने तलवार उपसली नाही. पण न झालेल्या मेजवानीखाली तोही चिरडला गेला, असे मला वाटते. राजा मात्र बरा झाला आणि ९ ऑगस्ट १९०२ रोजी त्याला मुकुट घालण्यात आला.

त्या रद्द झालेल्या मेजवान्यांतील अन्नाचे काय झाले? राजवाड्यातील हकिकत गेब्रिएल ट्शुमी ह्या स्विस आचाऱ्याने आपल्या आठवणींत दिली आहे. तेथे अडीचशे पाहुण्यांसाठी तयारी झाली होती आणि लावे पक्षीच अडीच हजार होते. जे टिकण्यासारखे ते बर्फात ठेवले. बाकीचे गरिबांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या हाती, गाजावाजा न करता, ईस्ट एंडमधील दरिद्री वस्तीसाठी पाठविले. राजांसाठी रांधलेले ते पदार्थ त्या रात्री कोणी, कशाच्या मेजावर, कोणत्या क्रमाने खाल्ले, ह्याची पदार्थयादी कोणी छापून ठेवलेली नाही.

एक मेजवानी मात्र रद्द झाली नाही. राज्याभिषेकानिमित्त लंडनमधील गरिबांना राजाच्या खर्चाने जेवण द्यावयाचे ठरले होते; ते पुढे ढकलू नये अशी राजाची इच्छा होती. ५ जुलै १९०२ रोजी शहरभर शेकडो ठिकाणी सुमारे साडेचार लाख माणसे जेवली. दोन दिवसांत कोसळणाऱ्या दरबारी सोहळ्यापेक्षा हे साधे जेवण अधिक चिवट ठरले. त्याला मुहूर्त नको होता, भूक पुरेशी होती.

राज्याभिषेकासाठी निघालेल्यांत हिंदुस्थानातील संस्थानिकही होते. जयपूरचे महाराज माधोसिंह गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड कलश बोटीवर चढवून, आपला स्वयंपाक आपल्याबरोबर घेऊन गेले. साहेबाच्या राजधानीत जगातील सर्वांत नावाजलेला मुदपाकखाना सज्ज होता. पण पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा होता. आपल्याकडचा मेजवानीचा मूळ प्रश्न 'काय खावे' हा नव्हेच; 'कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या शेजारी बसून खावे' हा आहे.

त्याच समारंभासाठी कोल्हापूरचे शाहू छत्रपती विलायतेस गेले होते. महाराजांचे वास्तव्य विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर दरबारच्या गॅझेटात त्यांचा एक हुकूम प्रसिद्ध झाला: ह्यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. तारखा जुळल्या म्हणून कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी आवरतो. एवढेच म्हणतो की, ज्या उन्हाळ्यात लंडनमध्ये कोण कोणाशेजारी बसणार ह्याचे नकाशे रद्द होत होते, त्याच उन्हाळ्यात कोल्हापुरात बसण्याच्या जागांचा एक नवा नकाशा मंजूर झाला. आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी तरी ही गोष्ट विसरू नये.

पुढे त्याच महाराजांच्या आश्रयाने गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. महाराज आपली गाडी त्या हॉटेलापुढे उभी करीत, तेथील चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. मराठीत 'हॉटेल' हा शब्द चहाच्या टपरीलाही चालतो आणि राजवाड्यासारख्या इमारतीलाही चालतो, ह्याचे कित्येकांना हसू येते. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. विशेष प्रसंगासाठी योजलेले, यजमानाने आधी विचार करून ठरविलेले, आणि ज्याने पाहुण्यांच्या अंगी काही बदल व्हावा असे खानपान, हीच जर मेजवानीची व्याख्या असेल, तर कांबळ्यांच्या हॉटेलातला तो एक पेला कार्लटनच्या कोणत्याही बेताहून उणा नव्हता.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. दिल्लीत, १९५६ साली भरणाऱ्या युनेस्कोच्या परिषदेसाठी, अशोक हॉटेल बांधले गेले. १९५४ मध्ये मुंबईत ह्या विद्येचे पहिले शिक्षण देणारी संस्था स्थापन झाली. एस्कोफियेने घालून दिलेली कामाची वाटणी आज देशभरच्या अशा संस्थांतून शिकविली जाते. सातारा-सोलापूरकडची शेतकऱ्यांची मुले ती शिकून मोठमोठ्या हॉटेलांत लागतात. आणि ज्या कार्लटनमध्ये रिट्झ कोसळला, ते आता राहिलेले नाही. १९५० नंतरच्या दशकात ते पाडले गेले. त्या जागी उभ्या असलेल्या न्यूझीलंड हाऊसवर एक पाटी आहे. ती रिट्झची नाही. १९१३ मध्ये ह्या जागेवरील कार्लटन हॉटेलात हो चि मिन्ह काम करीत होते, असे तीवर लिहिले आहे. तेथे जेवून गेलेल्या राजेरजवाड्यांच्या नव्हे, तर मुदपाकखान्यात राबलेल्या एका परदेशी पोराच्या नावाने ती जागा ओळखावी, हा इतिहासाचा न्याय मला मोठा समाधानकारक वाटतो.

आता आमच्या मेजवानीचे सांगून लेख पुरा करतो. बेत ठरल्याप्रमाणे पार पडला. तक्त्यातील एकही रकाना चुकला नाही. आई प्रसन्न होती. अण्णा मात्र अवघडून बसले होते. शेजारच्याचे पान रिकामे दिसले की ते दोनदा खुर्चीवरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. शेवटचा गोड पदार्थ घेऊन एक तरुण वेटर त्यांच्यापाशी आला, तेव्हा त्यांनी आपल्या सातारी हिंदीत त्याला विचारले, ''आपका खाना हुआ क्या?''

तो मुलगा क्षणभर थबकला. असा प्रश्न त्याला त्या दालनात बहुधा कोणी विचारला नसावा. मग हसून म्हणाला, ''जी, बाद में। ग्यारह बजे के बाद।''

अण्णांनी घड्याळ पाहिले. दहा वाजत आले होते. आम्ही भावंडे गप्पांत रंगलो होतो. खोली साडेदहापर्यंत आमचीच होती आणि तिचे पैसेही भरलेले होते. अण्णांनी हातपुसणे घडी करून मेजावर ठेवले आणि म्हणाले, ''चला, आटपा आता. त्यांची पंगत खोळंबली आहे.''